रस्ता, गोदाम आणि भुंगेरा

ग्रामीण भारतातील दारिद्र्य कोणत्या शासकीय खर्चामुळे सर्वाधिक घटले, याचा अभ्यास शेंगेन फॅन, पीटर हेझेल आणि सुखदेव थोरात यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस केला. त्यात ग्रामीण रस्ते प्रथम क्रमांकावर, तर कृषी संशोधन व विस्तार द्वितीय क्रमांकावर आढळले. पुढे २००० मध्ये प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. रस्त्याने माल बाजारात पोहोचतो. तो केव्हा न्यायचा, हे मात्र साठवणुकीच्या सोयीवर ठरते.

काढणीनंतर आवक वाढून दर उतरतात, तरी अल्पभूधारक त्याच वेळी विक्री करतो. देणी भागवणे हे एक कारण. दुसरे कारण कीड. कडधान्यातील भुंगेरा (कॅलोसोब्रुकस) पक्व शेंगांवर अंडी घालतो आणि शेतातूनच घरात येतो. एक मादी सुमारे ८० ते १०० अंडी घालते, उष्ण हवेत साधारण महिनाभरात नवी पिढी तयार होते. अळी दाण्याच्या आत असल्याने पहिल्या महिन्यात पोते निर्दोष दिसते. तिसऱ्या महिन्यात दाण्यांवर गोल छिद्रे दिसतात आणि व्यापारी भाव पाडतो. या अनुभवामुळे शेतकरी थांबण्याचा धोका पत्करत नाही. त्याचा हा निर्णय अडाणीपणाचा नव्हे, हिशेबाचा आहे.

हवाबंद साठवणुकीत हा हिशेब बदलतो. कीटकांच्या श्वसनाने आतील प्राणवायू घटतो व अळीचे खाणे थांबते. कोरड्या दाण्यातील अळीला लागणारे पाणी बहुतांशी अन्नाच्या ज्वलनातून मिळते. प्राणवायूअभावी तेही आटते व ती शुष्क होऊन मरते. जुन्या पेवांचे तत्त्व हेच. पेव उघडताच आत उतरू नये, हा दंडक प्राणवायूच्या अभावामुळेच पडला. पश्चिम आफ्रिकेत चवळीसाठी प्रसारित झालेली तिहेरी पिशवी, म्हणजे विणलेल्या पोत्यात प्लॅस्टिकची दोन अस्तरे, याच तत्त्वावर चालते. धान्य ओलसर असल्यास मात्र तिच्यात बुरशी वाढते. उंदराने पाडलेले एक छिद्रही तिला निरुपयोगी करते.

मोठ्या प्रमाणासाठी नोंदणीकृत गोदाम हवे. गोदाम (विकास व नियमन) अधिनियम, २००७ अन्वये अशा गोदामाची परक्राम्य पावती तारण ठेवून कर्ज मिळते. २०१७ मध्ये ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्यास सुरुवात झाली. देणी आणि दर यांतील कोंडी येथे सुटते. परंतु दोन-चार क्विंटल मालासाठी दूरचे गोदाम परवडत नाही. तेथे शेतकरी उत्पादक कंपनीने गावातच माल एकत्र करणे श्रेयस्कर.

विस्तार कार्यकर्त्यांनी काढणीपूर्वीच तीन गोष्टी पाहाव्यात: गावात ओलावामापक आहे का, कडधान्य १० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्यापर्यंत वाळवण्यास खळे वा ताडपत्री पुरेशी आहे का आणि जवळचे नोंदणीकृत गोदाम किमान किती माल स्वीकारते. पोती भरताना जुने धान्य नव्यात मिसळू देऊ नये. जुन्या बारदानातील मोजके भुंगेरेही नव्या हंगामाची सुरुवात करण्यास पुरेसे असतात.