नागरिकशास्त्र – पक्षाचा 'पाठिंबा' म्हणजे नक्की काय?

विद्यार्थी मित्रांनो, निवडणूक जवळ आली की कळंब्याच्या चौकात, कट्ट्यावर एक शब्द सारखा कानावर पडतो – पाठिंबा. 'अमुक पक्षाने तमुक उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला.' पण पाठिंबा दिला म्हणजे नेमकं काय केलं? आणि त्यामुळे तुमच्या आई-बाबांच्या मताचं काय होतं? आज हेच समजून घेऊ. हा पाठ कोणत्याही पक्षाच्या बाजूचा किंवा विरोधातला नाही, बरं का!

उमेदवारी आणि पाठिंबा यातील फरक

पक्ष एखाद्याला आपला अधिकृत उमेदवार करतो, तेव्हा त्याला 'एबी फॉर्म' देतो. तो फॉर्म निवडणूक अधिकाऱ्यांकडे वेळेत पोहोचला, की उमेदवाराला पक्षाचं चिन्ह मिळतं. याला म्हणतात उमेदवारी.

पाठिंबा मात्र वेगळा. त्यात पक्ष फक्त सांगतो, 'हा उमेदवार आमचा नाही, पण आमच्या कार्यकर्त्यांनी याचं काम करावं आणि मतदारांनी याला मत द्यावं.' मतदान यंत्रावर या पाठिंब्याची कुठेही नोंद नसते. तिथे दिसतं ते उमेदवाराचं नाव, फोटो आणि त्याला मिळालेलं चिन्ह.

शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक आठवा. कबड्डीचा संघ म्हणाला, 'आमचा पाठिंबा अमुकला.' म्हणून संघातल्या प्रत्येकाची चिठ्ठी त्यालाच पडते का? नाही. चिठ्ठी ज्याची त्यानेच लिहायची असते.

आपल्या शेजारचं उदाहरण

2024 च्या विधानसभा निवडणुकीत कोल्हापूर उत्तर मतदारसंघात काय घडलं बघा. काँग्रेसने आधी राजेश लाटकर यांचं नाव जाहीर केलं. नंतर ते बदलून मधुरिमाराजे छत्रपती यांना उमेदवारी दिली. लाटकर अपक्ष म्हणून रिंगणात राहिले. 4 नोव्हेंबर हा अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी मधुरिमाराजेंनी माघार घेतली. आता नवा उमेदवार देता येणार नव्हता, कारण अर्ज भरण्याची मुदत आधीच संपली होती. मग काँग्रेसने अपक्ष लाटकर यांनाच पाठिंबा दिला.

याचा परिणाम लक्षात आला का? त्या मतदारसंघात यंत्रावर काँग्रेसचा 'हात' नव्हता. लाटकर यांचं चिन्ह होतं प्रेशर कुकर. वर्षानुवर्षे हात बघून मत देणाऱ्या एखाद्या आजींना ही बातमी कळली नसेल, तर त्यांचा किती गोंधळ उडाला असेल! म्हणून यादी आणि चिन्ह आधी नीट बघणं महत्त्वाचं. 23 नोव्हेंबरला निकाल लागला आणि शिवसेनेचे राजेश क्षीरसागर निवडून आले.

पाठिंब्याचे प्रकार

1) निवडणुकीआधीचा : त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत सांगलीत महाविकास आघाडीचे उमेदवार होते चंद्रहार पाटील. विशाल पाटील अपक्ष उभे राहिले. वंचित बहुजन आघाडीने त्यांना पाठिंबा दिला आणि ते जिंकले.

2) निकालानंतरचा : निवडून आल्यावर याच विशाल पाटलांनी काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं. म्हणजे पाठिंबा पक्षही देतो आणि निवडून आलेला अपक्षही देतो.

3) बिनशर्त : 9 एप्रिल 2024 ला, गुढीपाडव्याच्या सभेत, राज ठाकरे यांनी लोकसभेसाठी महायुतीला बिनशर्त पाठिंबा जाहीर केला. पण नोव्हेंबरमध्ये विधानसभेला मनसेने स्वतंत्र उमेदवार उभे केले. यावरून काय कळतं? एका निवडणुकीतला पाठिंबा पुढच्या निवडणुकीलाही असेलच असं नाही.

ग्रामपंचायतीची गोष्ट आणखी निराळी. तिथे पक्षांची चिन्हं नसतात. गावात पॅनेल तयार होतात. कोणत्या पॅनेलमागे कोणता नेता आहे हे गावाला माहीत असतं, पण यंत्रावर पक्ष दिसत नाही.

पालकांसाठी दोन शब्द

पाठिंबा ही एक शिफारस आहे, आदेश नाही. शिफारस आली की आपण कारण विचारतो ना? मग इथेही विचारायला हवं. पाठिंबा का दिला? बदल्यात कोणतं आश्वासन घेतलं? कळंब्यापुरतं बोलायचं तर शहराची हद्दवाढ, तलावाची स्वच्छता, पिण्याचं पाणी, शाळेच्या खोल्या याबद्दल त्या उमेदवाराचं म्हणणं काय? पाठिंबा देणाऱ्या पक्षाचं आणि घेणाऱ्या उमेदवाराचं म्हणणं वेगळं असेल, तर निवडून आल्यावर कुणाचं चालणार?

नेत्यांनी पाठिंबा दिला, भावकीने ठरवलं, मंडळाने ठरवलं, तरी मतदानाच्या कक्षात आपण एकटेच असतो. मत गुप्त असतं. ते कुणाला दिलं हे सांगण्याची सक्ती कुणीही करू शकत नाही. मुलांनो, तुम्ही 18 वर्षांचे व्हाल तेव्हा हे विसरू नका. तोपर्यंत घरात प्रश्न विचारत राहा.

स्वाध्याय

1. उमेदवारी आणि पाठिंबा यातील दोन फरक लिहा.
2. कोल्हापूर उत्तरमध्ये 4 नोव्हेंबरनंतर काँग्रेसला नवा उमेदवार का देता आला नाही?
3. ग्रामपंचायत निवडणुकीत मतदार उमेदवार कसा ओळखतात? घरी विचारून लिहा.

उपक्रम : वर्तमानपत्रातील पाठिंब्याची एक बातमी कापून वहीत चिकटवा. पाठिंब्याचं कारण बातमीत दिलं आहे का, ते शोधा. कारण नसेल तर तुम्ही कोणता प्रश्न विचाराल, तो खाली लिहा.