पानिपत, आय व बाजाराचा दिवस

शास्त्रपाठ : यहोशवा ७:१–२६ व ८:१–२९, गलती ६:१–२, इफिस ६:१०–१८.



‘पानिपत झालें’ हे शब्द मराठी मुलखांत कोणास ठाऊक नाहींत? शेत बुडालें, सोयरीक मोडली, व्यवहार फसला, म्हणजे ज्यास अक्षरओळख नाहीं असा मनुष्यहि म्हणतो कीं, आमचें पानिपत झालें. परंतु ती लढाई कशानें गेली, हें विचारणारे थोडे. आजच्या पाठांत आपण त्या लढाईकडे, पवित्र शास्त्रांतील आय नगराच्या लढाईकडे, आणि आपल्या मंडळ्यांतील एका नित्याच्या लढाईकडे पाहूं. तिन्हींचा बोध एकच आहे : पराजय ज्या दिवशीं दिसतो त्याच दिवशीं तो घडतो असें नाहीं, पुष्कळदां तो आधींच घडलेला असतो.

१. पानिपत

पानिपत हें गांव दिल्लीच्या उत्तरेस सुमारें पंचावन्न मैलांवर आहे. सन १७६० च्या आक्टोबर महिन्यांत सदाशिवरावभाऊंनीं यमुनेच्या कांठचें कुंजपुरा हें ठाणें जिंकलें व तेथील धान्याचा सांठा त्यांच्या हातीं आला. पण त्याच महिन्यांत अहमदशहा अब्दाली बागपताजवळ भरली यमुना उतरून अलीकडे आला, आणि मराठ्यांची छावणी व दिल्ली यांच्या मध्यें उभा राहिला. घराची वाट बंद झाली. मग खंदक खणून दोन्ही सैन्यें सुमारें अडीच महिने समोरासमोर बसलीं. मराठ्यांच्या छावणींत लढणाऱ्यांखेरीज बायका, मुलें, व्यापारी व यात्रेकरू असे हजारों लोक होते. त्या सर्वांस खावयास लागे. बाहेरून रसद पाठविणारे व शत्रूची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर महिन्यांत मारले गेले. नानासाहेब पेशवे स्वतः उत्तरेकडे निघाले होते, पण ते पोहोंचण्यापूर्वींच सर्व आटोपलें होतें.

छावणींत माणसें व जनावरें उपासानें मरूं लागलीं. उपाशी मरण्यापेक्षां लढून मरूं, असें लोकांनीं भाऊसाहेबांस विनविलें, आणि बुधवार ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं सैन्य बाहेर पडलें. शौर्यांत उणें नव्हतें. इब्राहिमखान गारदी याच्या तोफांनीं शत्रूची फळी फोडली. दोन प्रहरपर्यंत मराठ्यांची सरशी दिसत होती. परंतु दुपारनंतर अब्दालीनें राखून ठेवलेले ताजे शिपाई पुढें घातले. विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले व गर्दींत शिरले, ते परत आले नाहींत.

इतिहासकार या पराजयाचीं कारणें अनेक सांगतात. तीं सर्व मान्य करूनहि एवढें खचित म्हणतां येतें कीं, त्या दिवशींचे शिपाई पुष्कळ दिवसांचे उपाशी होते. तलवारीला धार होती, पण हातांत बळ नव्हतें.

येथें कोणी असा समज करून घेऊं नये कीं, एक पक्ष देवाचा व दुसरा सैतानाचा होता. दोन्हींकडे माणसेंच होतीं, आणि दोन्हींकडच्या आया रडल्या. आमचें झुंज रक्तमांसाच्या माणसांशीं नाहीं, असें प्रेषित पौल इफिसकरांस शिकवितो. आम्ही पानिपताकडून एवढेंच शिकावयाचें कीं, रसद तुटली म्हणजे शूराचेंहि कांहीं चालत नाहीं.

२. आय

यहोशवाच्या सातव्या अध्यायांत इस्राएल लोक यरीहो जिंकून आलेले आहेत. पुढें आय हें लहानसें नगर. हेर म्हणाले कीं, सर्वांनीं जाण्याचें कारण नाहीं. दोन तीन हजार पुरेत. तीन हजार गेले, ते पाठ दाखवून पळाले, व सुमारें छत्तीस माणसें मारलीं गेलीं. यहोशवा वस्त्रें फाडून पालथा पडला. परंतु परमेश्वरानें त्यास तेथेंच पडून राहूं दिलें नाहीं; ऊठ म्हणून सांगितलें व पापाचें मूळ दाखविलें. आखानानें लुटींतला एक सुंदर झगा, दोनशें शेकेल रुपें व पन्नास शेकेल सोन्याची वीट आपल्या डेऱ्यांत पुरून ठेविली होती.

पराजय दिसला आयच्या उतरणीवर. तो झाला होता डेऱ्याच्या मातीखालीं. पानिपतास जें बाहेरून यावयाचें तें आलें नाहीं. आयच्या वेळीं जें आंत असूं नये तें आंत होतें. हीं दोन्ही कारणें आपल्याहि घरांत सांपडतात.

३. बाजाराचा दिवस

आमच्या पाळकपणाच्या आरंभींच्या वर्षांतील एक गोष्ट येथें सांगणें प्राप्त आहे. एका खेड्यांतील शेतमजुरी करणाऱ्या भावानें नाताळच्या उपासनेंत उभें राहून दारू सोडण्याची शपथ घेतली. सात आठवडे त्यानें ती पाळिली. आठव्या बाजारीं मजुरीचे पैसे घेऊन तो गेला, तो रात्रीं झिंगत परत आला. घरीं ना जोंधळे, ना मीठ. पुढच्या रविवारीं आम्हीं सर्व मंडळीसमोर त्यास कडक शब्दांनीं दोष दिला व प्रभूच्या मेजापासून दूर ठेविलें. त्यानें उपासनेस येणेंच सोडलें.

पुढें कित्येक महिन्यांनीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. तो घरीं नव्हता. त्याची बायको उंबऱ्याशीं बसून म्हणाली, “पाळकसाहेब, हे बाजारांत पडले तें सगळ्यांनीं पाहिलें. पण त्याच्या आधीं पंधरा दिवस पोरगी तापानें फणफणत होती. औषधासाठीं उसने घेतलेले, तो सावकार दोनदां दारांत येऊन चार लोकांत बोलून गेला. यांना रात्रीं झोप नव्हती. प्रार्थनेला बसायचें तेंहि राहिलें. तेव्हां मंडळींतलें कोणी आलें नाहीं.”

आम्हांजवळ उत्तर नव्हतें. शपथ घेतांना मंडळीनें टाळ्या वाजविल्या होत्या; पण त्यानंतर त्या भावाची रसद कोण पाहत होतें? त्याच्या घराचा वेढा पंधरा दिवस चालला होता, आणि आम्ही लढाईच्या संध्याकाळीं जाऊन पडलेल्यास बोल लावीत होतों. त्याचें पाप पापच होतें; तें आम्ही झांकीत नाहीं. परंतु त्या पराजयांत आमचाहि वांटा होता, व तो आम्हीं पुढील रविवारीं त्याच मंडळीसमोर कबूल केला.

तो भाऊ परत आला. मध्यंतरीं आणखी एकदां पडला, हेंहि सांगितलें पाहिजे. पण त्या वेळीं दोघे वडील त्याच रात्रीं त्याच्या घरीं गेले, आणि दुसऱ्या दिवशीं तो त्यांच्याबरोबर कामावर गेला.

यास्तव उपदेशकांनीं व मंडळ्यांच्या वडिलांनीं या गोष्टींकडे लक्ष द्यावें :

(अ) ज्या घरीं आजार, कर्ज किंवा भांडण आहे, त्या घरीं संकट वाढण्याच्या आधीं जावें; व जमेल तर रिकाम्या हातांनीं जाऊं नये. शेरभर दाणेहि रसदच आहेत.

(आ) नुकतेंच व्यसन सोडलेल्या भावास बाजारीं एकटें पाठवूं नये. दुसऱ्या भावानें सोबत जावें, आणि मजुरीचे पैसे आधीं घरधनिणीच्या हातीं पडावे.

(इ) घरांतील सकाळची व रात्रीची प्रार्थना दोन दिवस चुकली तर तिसऱ्या दिवशीं शेजारच्या विश्वासणाऱ्यानें जाऊन बरोबर बसावें. दोष देण्याकरितां नव्हे, बसण्याकरितां.

(ई) प्रत्येकानें आपला डेरा स्वतः उकरून पाहावा. लपविलेली बाटली, खोटें माप, मनांत पुरलेला भाऊबंदकीचा राग, हीं ज्याच्या त्यानेंच बाहेर काढावयाचीं आहेत. तेथें शेजाऱ्याचा हात पोहोंचत नाहीं.

४. पराजयानंतर

आठव्या अध्यायाच्या आरंभीं देव यहोशवास पुन्हां त्याच आय नगरावर जावयास सांगतो. ज्या उतरणीवरून पळाले, त्याच वाटेनें जाऊन ते जिंकून आले. पानिपतानंतरहि मराठ्यांचें राज्य संपलें नाहीं. त्याच वर्षीं सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. आणि पानिपतच्या रणांत पायास जखम होऊन कायमचे लंगडे झालेले महादजी शिंदे सन १७७१ मध्यें मराठी फौजेबरोबर पुन्हां दिल्लींत होते. जगाच्या राज्यांत लंगडा मनुष्य पुन्हां उभा राहतो, तर ज्यांच्यासाठीं प्रभु येशू मरण पावला व उठला, त्यांनीं एका बाजाराच्या दिवसावरून आपला निकाल लागला असें कां समजावें?

ज्या भावाचें किंवा बहिणीचें पानिपत झालें आहे, त्यांनीं हा पाठ ऐकून मागें बसून राहूं नये. आणि जे उभे आहेत, त्यांनीं आज उपासनेहून घरीं जातांना कोणाच्या दारावरून जावयाचें, हें आतांच ठरवावें.

मननाकरितां प्रश्न

१. आयच्या पराजयाचें कारण यहोशवास प्रथम कां कळलें नाहीं?
२. आपल्या गांवांत या आठवड्यांत कोणाच्या घराला वेढा पडला आहे?
३. माझ्या डेऱ्यांत काय पुरलेलें आहे?
४. इफिस ६:१८ यांत एकमेकांसाठीं प्रार्थना करण्याविषयीं जें सांगितलें आहे, तें शस्त्रांच्या वर्णनानंतर लगेच कां आलें असावें?