फलाट आणि गाडी : अभियांत्रिकी रचनेचा एक धडा

अभियांत्रिकी रचना म्हणजे गणित आणि नकाशे, असा आपणा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा समज असतो. वास्तविक तिचा आरंभ अडचण नेमकी ओळखण्यापासून होतो.

जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात लोकल पकडताना एक विद्यार्थिनी फलाट व गाडी यांमधील पोकळीत पडली आणि तिने दोन्ही हात गमावले. रेल्वेच्या उंच फलाटाचे प्रमाण ७६० ते ८४० मिलिमीटर. लोकलच्या डब्याची जमीन त्याहून बरीच वर. मग फलाट डब्याच्या पातळीला का आणू नये? कारण लोकलच्या मार्गांवरून इतर प्रकारच्या गाड्याही जातात. त्यांना फलाट घासता कामा नये. ही झाली मर्यादा. ती सांभाळून उपनगरी फलाट सुमारे ९०० मिलिमीटरपर्यंत उंचावण्यात आले. अंतर कमी झाले, संपले नाही. शिवाय फलाट चढवला की जिन्याच्या पायऱ्या व पाण्याचा निचरा यांचाही फेरविचार आलाच.

त्याच घाटकोपरला जून २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाली. तिथे डबा व फलाट जवळजवळ समपातळीत आहेत. मेट्रोचे अभियंते अधिक हुशार होते असे नव्हे. मार्गावर एकाच प्रकारची गाडी धावणार असल्याने गाडी आणि फलाट यांचा विचार प्रारंभीच एकत्र करता आला.

गरज, मर्यादा, पर्याय, चाचणी, सुधारणा असा हा क्रम आहे. आणि सुधारणेतून नवी गरज दिसली की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून उत्तराची घाई करण्यापूर्वी काय बदलता येईल आणि काय नाही, हे विद्यार्थ्याने आधी विचारावे.