ग्वाल्हेरचा किल्ला : तट वेळ देतो, पहारा किल्ला राखतो

मध्यंतराच्या सुट्टीत आई-बाबा मला भेटायला आले, तेव्हा आम्ही दोन दिवस ग्वाल्हेरला गेलो. मोठ्या गटाबरोबर घाईघाईने फिरण्यापेक्षा आमच्यापुरताच एक गाईड ठरवावा, असे बाबांचे मत पडले. गाईडकाका परवानाधारक होते आणि त्यांचे केस ऊन खाऊन पांढरे झाले होते. पहिल्याच चहाला त्यांनी मला विचारले, "बेटा, तुला काय बघायचे आहे?" मी म्हणालो, "एवढा बळकट किल्ला शत्रूच्या हाती गेला तरी कसा, ते बघायचे आहे." ते हसले आणि म्हणाले, "मग आज वरून नाही, खालून सुरुवात करू."

या लेखात मी ग्वाल्हेरचे सगळे वर्णन केलेले नाही. त्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी जे पाहिले, तेवढेच मांडले आहे. आपण सगळे पुढेमागे कुठेतरी पहारा देणार आहोत, म्हणून हा विषय आपल्या कामाचा आहे.

आधी पायथा, मग माथा

ग्वाल्हेरचा किल्ला वालुकाश्माच्या एका लांबट डोंगरावर आहे. त्याचे जुने नाव गोपाद्री किंवा गोपगिरी. डोंगराची उत्तर-दक्षिण लांबी अडीच ते तीन किलोमीटर भरते, रुंदी मात्र कुठेही एक किलोमीटर होत नाही. आजूबाजूच्या सपाट मुलखातून तो सुमारे ३०० फूट उभा वर येतो. बऱ्याच ठिकाणी कडा मुद्दाम तासून अधिक उभा केलेला आहे. म्हणजे निम्मा तट निसर्गाने बांधला आणि उरलेला माणसांनी.

सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या मुलांना इथला फरक लगेच जाणवेल. राजगड किंवा तोरणा डोंगररांगांत लपलेले असतात. ग्वाल्हेर लपत नाही, तो मैदानात एकटा उभा आहे. त्याच्यावरून चारी दिशांना लांबवर दिसते. दिल्ली-आग्र्याकडून माळवा आणि दख्खनकडे जाणारी वाट या भागातून जाते. जो कोणी दिल्लीत राज्य करी, त्याला हा किल्ला हवा असे, आणि जो दख्खनेतून उत्तरेत येई, त्यालाही.

किल्ला टिकायचा तर दुसरी गरज पाण्याची. माथ्यावर सूरजकुंड, जौहर ताल, रानी ताल, एक खंबा ताल अशी अनेक तळी आहेत. सूरजकुंडाच्या पाण्याने सूरजसेन राजाचा कुष्ठरोग बरा झाला आणि ते पाणी देणाऱ्या ग्वालिपा साधूवरून गावाला नाव पडले, अशी कथा आहे. कथा सांगताना गाईडकाका दरवेळी "ही दंतकथा" असे आधी सांगत. त्यांची ही सवय मला फार आवडली.

पाणी होते म्हणून किल्ला लढू शके. इल्तुतमिशने १२३२ मध्ये तो घेतला, पण त्यासाठी त्याला अकरा महिने वेढा घालून बसावे लागले.

चढणीवरचे शून्य

पूर्वेकडच्या वाटेने चढताना एकामागून एक दरवाजे लागतात. सर्वांत खाली आलमगिरी दरवाजा आणि सर्वांत वर हत्ती पोळ. मधल्या चढणीवर शत्रूचा दम जातो आणि वरच्यांना त्याच्यावर मारा करता येतो. दप्तर नसतानाही माझा श्वास वाढला होता. ढाल-तलवार घेऊन हे चढायचे म्हणजे काय, ते इथे पायांना कळते.

या वाटेवर गणेश दरवाजा आणि लक्ष्मण दरवाजा यांच्या दरम्यान खडकात कोरलेले छोटे चतुर्भुज मंदिर आहे. प्रतिहार राजा भोज याच्या काळात किल्ल्याचा रखवालदार, म्हणजे कोट्टपाल, असलेल्या अल्ल नावाच्या अधिकाऱ्याने ते कोरवून घेतले. आतल्या शिलालेखात इसवी सन ८७६ च्या सुमाराची नोंद आहे. मंदिराच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन आणि रोजच्या ५० माळा, असा तिचा मजकूर. या २७० आणि ५० मध्ये लहान वर्तुळासारखे शून्य कोरलेले आहे. दगडावर कोरलेल्या शून्याच्या भारतातील सर्वांत जुन्या नोंदींमध्ये ही गणली जाते.

हात म्हणजे साधारण दीड फूट धरला, तर ही बाग सुमारे अडीच एकरांची होते. आईने हा हिशोब तिथेच माझ्याकडून करून घेतला. मला विशेष वाटले ते हे, की गणितातला इतका मोठा पुरावा जपला गेला तो एका किल्लेदाराच्या मंदिरात, फुलांच्या हिशोबामुळे.

वर महाल, खाली तुरुंग

माथ्यावर मानसिंह तोमर याचा मानमंदिर महाल आहे. मानसिंहाने १४८६ ते १५१६ या काळात राज्य केले. बाहेरच्या भिंतींवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या फरशांत बदके, हत्ती, मगरी आणि केळीची झाडे आहेत. पाचशे वर्षांचे ऊन-पाऊस खाऊनही निळा रंग तसाच आहे.

याच महालाखाली जमिनीत दोन मजले आहेत. उन्हाळ्यात गारव्यासाठी बांधलेल्या त्या दालनांचा मोगलांनी कैदखाना केला. औरंगजेबाने भाऊ मुराद याला इथे ठेवले आणि १६६१ मध्ये मारले. शिखांचे सहावे गुरू हरगोबिंदजी हेही जहांगीरच्या काळात या किल्ल्यावर कैदेत होते. सुटताना त्यांनी बरोबर ५२ राजांना सोडवले, अशी शीख परंपरा सांगते. त्याची आठवण म्हणून किल्ल्यावर दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे.

तेली का मंदिर, १०९३ चे सास-बहू मंदिर आणि उरवाई खिंडीतल्या पंधराव्या शतकातल्या जैन मूर्ती (त्यांतली सर्वांत मोठी ५० फुटांहून उंच) या प्रत्येकावर वेगळा लेख होईल. मी माझ्या प्रश्नाकडे वळतो.

३ ऑगस्ट १७८० ची रात्र

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळी किल्ला महादजी शिंदे यांच्या ताब्यात होता आणि वर त्यांची शिबंदी होती. ईस्ट इंडिया कंपनीचा कॅप्टन पॉपहॅम गोहदच्या राण्याच्या मदतीला या भागात आला होता. त्याच्याकडे तट फोडण्याइतक्या मोठ्या तोफा नव्हत्या. सरळ हल्ला करून हा किल्ला घेता येणार नाही, हे त्याला दिसत होते.

तेव्हा त्याने किल्ल्याची माहिती काढली. रात्री किल्ल्यावर चढून चोऱ्या करणारे काही लोक राण्याच्या माणसांना माहीत होते. कुठून चढता येते, पहारे कुठे असतात, फेरी केव्हा जाते, हे त्यांच्याकडून कळले. मग गुपचूप शिड्या तयार झाल्या. पाय घसरू नये आणि आवाज होऊ नये म्हणून शिपायांसाठी लोकरी कापडाचे, आत कापूस भरलेले जोडे शिवून घेतले.

३ ऑगस्टच्या रात्री कॅप्टन ब्रूसची तुकडी पुढे निघाली. आधी सुमारे १६ फुटांचा उभा कातळ, मग ४० यार्डांची तीव्र चढण, आणि वर ३० फुटांची भिंत. ते पायथ्याशी असतानाच वरून मशाली घेऊन गस्त गेली. सगळे निपचित राहिले. गस्त पुढे सरकली आणि पहारेकरी झोपले. मग वाटाड्यांनी वर जाऊन दोराच्या शिड्या बांधल्या. पहाट झाली तेव्हा कंपनीचे शिपाई तटाच्या आत होते आणि थोड्या वेळात किल्ला पडला. हल्ला करणाऱ्यांचा एकही माणूस मेला नाही, असे त्या वेळच्या इंग्रजी वृत्तांतांत आहे.

हे ऐकताना मला बरे वाटले नाही. किल्ला आपल्या लोकांकडे होता. आणि शिड्यांवरून चढणारे बहुतेक शिपाईही हिंदी होते. ते शूर होते आणि शिस्तीचेही होते, हे मान्य करावेच लागते.

आईने विचारले, "रात्री माणसाला झोप तर येणारच. मग फौजेत काय करतात?" आपल्याला शिकवलेले मी तिला सांगितले. पहारा थोड्या थोड्या तासांनी बदलायचा, संत्री जोडीने ठेवायचे आणि फेरीची वेळ दररोज बदलायची. फेरी ठरलेल्या वेळी जात असेल, तर ती वेळ शत्रूलाही कळते. १७८० च्या त्या रात्री गस्त झाली नाही असे नव्हे. गस्त झाली, म्हणूनच सगळे निर्धास्त झाले.

महादजींनी १७८३ मध्ये किल्ला परत मिळवला.

जून १८५८

दुसरा प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे, पण त्याचा किल्ल्याशी असलेला भाग कमी सांगितला जातो. १ जून १८५८ रोजी राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांच्यासमोर जयाजीराव शिंद्यांची फौज उभी राहिली आणि तिच्यातले बहुतेक जण लढण्याऐवजी त्यांनाच जाऊन मिळाले. जयाजीराव आग्र्याकडे गेले. शहर आणि किल्ला जवळजवळ न लढता हाती आला.

पुढचे दोन आठवडे फार मोलाचे होते. सर ह्यू रोझची फौज १६ जूनला मुरारला पोहोचली. १७ जूनला कोटा की सराय इथे लढाई झाली आणि त्या धुमश्चक्रीत राणी धारातीर्थी पडल्या. आपल्याकडे त्यांचे बलिदान १८ जूनला पाळतात. फुलबागेजवळ त्यांची समाधी आहे. तिथे बाबांनी आणि मी न बोलता सॅल्यूट केला.

शहर १९ जूनला पडले. २० जूनला लेफ्टनंट रोझ (हा सर ह्यू रोझहून वेगळा) आणि लेफ्टनंट वॉलर हे दोन तरुण अधिकारी थोडी माणसे आणि एक लोहार घेऊन दरवाजांवर गेले. एकामागून एक दरवाजे फोडत ते वर पोहोचले. रोझ त्यात मारला गेला. ज्या चढणीवर हजारोंची फौज अडायला हवी, ती मूठभर माणसांनी पार केली, कारण वर आता तेवढे राखणारे उरले नव्हते.

छावणीचे शहर

दुसऱ्या दिवशी आम्ही खालचे शहर पाहिले. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि तळाचेच शहर झाले. त्याचे नावच लश्कर. इथल्या पाट्या वाचताना मराठी माणूस थबकतो. महाराज बाडा (म्हणजे वाडा), शिंदे की छावनी, फालका बाजार, कंपू. शिंद्यांच्या कवायती पलटणींना मराठीत कंपू म्हणत, हे मला बाबांनी सांगितले. १८७४ चा जयविलास महाल आणि जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची छोटी आगगाडीही पाहिली. पण मला त्या पाट्या जास्त आवडल्या. तंबू गेले, नावे राहिली.

१८५८ नंतर किल्ल्यावर इंग्रजी फौज बसली. १८८६ मध्ये इंग्रजांनी झाशी शहर घेऊन ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत दिला. म्हणजे शेवटच्या वेळी तो ना वेढ्याने हलला, ना शिडीने. तो कागदावर हलला.

कॅडेट मित्रांसाठी

तुम्हीही सुट्टीत एखादे जुने शहर बघणार असाल, तर या चार गोष्टी उपयोगी पडतील.

१. एक प्रश्न घेऊन जा. सगळे बघायला गेलात तर फक्त फोटो उरतात.

२. आधी बाहेरून आणि खालून बघा. हल्ला करणाऱ्याच्या जागी उभे राहिल्याशिवाय बचाव कळत नाही.

३. गाईडला विचारा, "हे कशावरून?" शिलालेख, वृत्तांत आणि दंतकथा यांत चांगला गाईड स्वतःच फरक करतो. दंतकथाही ऐका, पण वेगळ्या पानावर लिहा.

४. अंतर, उंची आणि वेळ मोजा. माझ्या वहीत ४० यार्ड आणि ३० फूट हे आकडे आहेत, म्हणून ती रात्र मला समजली.

आता मूळ प्रश्न. ग्वाल्हेरचा तट कधी कमी पडला असे मला दिसले नाही. तो १२३२ मध्ये अकरा महिने टिकला, कारण वर पाणी होते आणि जागी माणसे होती. १७८० मध्ये माणसे होती, पण ती झोपली. १८५८ मध्ये दरवाजे होते, पण ते राखणारी माणसे पुरेशी उरली नव्हती. तट फक्त वेळ देतो. त्या वेळाचे काय करायचे, हे वर उभ्या असलेल्या संत्र्यावर अवलंबून असते.

पुढच्या वेळी रात्री दोन वाजता पहाऱ्यावर नाव लागले आणि "इथे कोण येणार आहे?" असे मनात आले, तर कापूस भरलेले जोडे आठवा.