कॅमेरा दिसतो, पण चालत नाही

प्रश्न : भोसरीतल्या आमच्या कारखान्यात सुटे भाग तपासायला दोन गिगाबिट नेटवर्क कॅमेरे एका स्विचमधून संगणकाला जोडले आहेत. सॉफ्टवेअरच्या यादीत दोन्ही दिसतात. एक सुरूच होत नाही, दुसऱ्याच्या चित्रात मधूनमधून काळे पट्टे येतात. कॅमेरे बदलावेत का?

उत्तर : नको, पैसे वाचवा. कॅमेरा शोधण्याचा संदेश सगळ्यांना उद्देशून जातो, त्यामुळे आयपी पत्ता जुळत नसला तरी तो यादीत दिसतो. पत्ता न मिळालेला कॅमेरा सहसा १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो. संगणकाला १९२.१६८.१०.१ दिलात, तर कॅमेऱ्याला १९२.१६८.१०.२ द्या, दोन्हीकडे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०.

पट्टे म्हणजे वाटेत हरवलेली पॅकेट्स. इथे थोडा हिशेब करा. ५ मेगापिक्सेलचा, ८ बिटचा कृष्णधवल कॅमेरा सेकंदाला २० चित्रे काढतो तेव्हा १०० मेगाबाइट माहिती येते. गिगाबिट पोर्टची कागदावरची मर्यादा १२५. असे दोन कॅमेरे एकाच पोर्टात मावणार कसे? दोन पोर्टांचे नेटवर्क कार्ड घ्या आणि प्रत्येक पोर्टाला वेगळा सबनेट द्या. कार्ड घ्यायचे नसेल तर चित्रांचा वेग निम्म्यावर आणा.

जंबो फ्रेम ९००० बाइटच्या आसपास ठेवा. मात्र वाटेतल्या स्विचलाही ते झेपले पाहिजे. कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज उघडतात पण चित्रच येत नाही, असे झाले तर आधी फायरवॉल तपासा. आणि ही जोडणी ऑफिसच्या नेटवर्कमध्ये मिसळू नका, वायरमन कितीही आग्रह करो. वेल्डिंग मशीनजवळून केबल जात असेल तर शील्डेड घ्या.