शेतातील संवेदकांसाठी तारयुक्त संदेशवहन : निवड कशी करावी?

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात प्रति सापळा प्रति रात्र ८ पतंग सलग ३ रात्री आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असे मानले जाते. पतंगांची गणना स्वयंचलित संवेदकाकडे सोपविल्यास हा निर्णय तारेतून येणाऱ्या आकड्यावर अवलंबून राहतो. तार तुटली आणि नोंदयंत्राने ‘०’ लिहिले, तर पतंग नाहीत असा समज होतो. तोवर अळी बोंडात शिरते आणि तेथे फवारा पोहोचत नाही. म्हणून संदेशवहनाची पद्धत निवडताना पहिला प्रश्न असा असावा : खरे शून्य आणि तुटलेली तार यांतील फरक ती पद्धत दाखविते का?

उपलब्ध पद्धती

• साधा स्पंद किंवा व्होल्टेज : स्वस्त व सोपी पद्धत. मात्र तार तुटली तरी नोंद शून्यच दिसते. लांब तारेत व्होल्टेज घटते. काही मीटरपुरतीच योग्य.

• ४-२० मिलिअँपिअर : शून्य मोजमापालाही ४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. प्रवाह थांबला की बिघाड कळतो. परंतु प्रत्येक संवेदकाला सामान्यतः स्वतंत्र जोडतार लागते.

• एसडीआय-१२ : मृदा-ओलावा व हवामान संवेदकांत प्रचलित. तीन तारांवर अनेक संवेदक जोडता येतात. अंतराची मर्यादा सुमारे ६० मीटर.

• आरएस-४८५ : पिळाच्या एकाच जोडतारेवर कमी वेगात सुमारे १,२०० मीटरपर्यंत चालते. प्रमाणित भाराची ३२ उपकरणे जोडता येतात.

• इथरनेट व प्रकाशतंतू : तांब्याच्या इथरनेट तारेचा एक टप्पा १०० मीटरचा असतो. प्रकाशतंतू किलोमीटरभर सहज जातो व तारेतून येणाऱ्या विजेच्या धक्क्यापासून मुक्त असतो. सापळ्यातील छायाचित्रे पाठवायची असल्यास हाच मार्ग योग्य.

एक उदाहरण

समजा, ८०० मीटर लांब व ५०० मीटर रुंद, म्हणजे ४० हेक्टरच्या प्रक्षेत्रावर लांबीच्या बांधाने १६ गणक सापळे बसवायचे आहेत. येथे आरएस-४८५ वर मॉडबस पद्धत सोयीची ठरते. मुख्य यंत्र प्रत्येक सापळ्याला त्याच्या क्रमांकाने विचारते. सापळ्याने ‘०’ असे उत्तर दिले, तर ते खरे शून्य. उत्तरच आले नाही, तर तो बिघाड. त्या रात्रीचा रकाना रिकामा ठेवावा व दुसऱ्या दिवशी सापळा प्रत्यक्ष पाहावा. वेगाची चिंता नको. प्रतिसेकंद ९,६०० बिट वेगातही सर्व सापळ्यांची विचारपूस काही सेकंदांत पूर्ण होते.

उभारणीतील दक्षता

१. तार एका सापळ्याकडून पुढच्याकडे साखळीने न्यावी. मध्येच लांब फाटे काढू नयेत. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावावा.

२. वीजपुरवठ्याचा हिशेब आधी करावा. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ३६ ओहम असतो. ८०० मीटरवरील उपकरणाने १०० मिलिअँपिअर प्रवाह घेतल्यास जाऊन-येऊन सुमारे ५.८ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. १२ व्होल्टच्या पुरवठ्यात निम्मेच उरतात. २४ व्होल्टचा पुरवठा द्यावा किंवा सापळ्याजवळच लहान सौर पटल बसवावे.

३. वीज पडल्यास दूरच्या दोन ठिकाणच्या जमिनीच्या विद्युत पातळीत मोठा फरक पडतो. त्यामुळे विलगीकरण असलेली उपकरणे, दोन्ही टोकांना विद्युतलाट-रोधक आणि उत्तम अर्थिंग आवश्यक.

४. तार बांधाच्या कडेने, नळीतून व नांगर-रोटाव्हेटरच्या खोलीखालून न्यावी. नळीची तोंडे बंद ठेवावीत, अन्यथा उंदीर व पाणी आत शिरते.

प्रत्यक्ष पडताळणी

गणक यंत्र पतंगाची जात ओळखतेच असे नाही. म्हणून आठवड्यातून एकदा सापळा उघडून हाताने मोजणी करावी व यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहावी. हंगामापूर्वी एका सापळ्याची तार मुद्दाम सोडवून पाहावी. नोंदयंत्राने तेव्हा ‘०’ लिहिले, तर त्या यंत्रणेच्या आधारे फवारणीचा सल्ला देऊ नये.