मजुरांची वस्ती आणि आपली हवा

पुणे-नाशिक महामार्गावर, मीना नदीच्या काठी नारायणगाव वसले आहे. जवळच कुकडी नदीवर येडगावचे धरण आहे. खोडद परिसरात १९९० च्या दशकात महाकाय रेडिओ दुर्बिणी उभारण्यात आल्या. त्यांतील प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे. ही कामे लोक कौतुकाने पाहतात. पण एवढी मोठी कामे करणारे मजूर कोठे राहतात, स्वयंपाक कशावर करतात, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

बांधकाम चालू असते तोपर्यंत बाहेरगावचे मजूर तेथेच पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांना पाणी, न्हाणीघर, शौचालय लागते. त्यांच्या लहान मुलांना पाळणाघर लागते. या सोयी म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे, तो मजुरांचा हक्क आहे. संसदेने १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी कायदा केला. पिण्याचे पाणी, शौचालये आणि राहण्याची विनामूल्य तात्पुरती सोय करण्याची जबाबदारी त्या कायद्याने मालकावर टाकली. ५० पेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघराची तरतूदही त्यात होती.

या सोयींसाठी ऊर्जा लागते. जेथे वीज पोहोचलेली नसते, तेथे डिझेलवर चालणारे जनित्र लावतात. एक लिटर डिझेलचे वजन एक किलोपेक्षा कमी असते. पण ते जळाल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे कसे? डिझेलमधील कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, म्हणून वजन वाढते. समजा, एका वस्तीचे जनित्र रोज १० लिटर डिझेल खाते. मग ३० दिवसांत सुमारे ८१० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू सूर्याची उष्णता धरून ठेवतो आणि पृथ्वी तापते. मध्यरात्री दोनच दिवे जळत असले, तरी ते मोठे इंजिन फिरतच राहते.

मग काय, दिवे विझवायचे? पाळणाघर बंद करायचे? मुळीच नाही. सोय तीच ठेवायची, ती देण्याची रीत बदलायची.

काम सुरू होण्यापूर्वीच विजेची तात्पुरती जोडणी घेतली, तर जनित्राची गरज कमी होते. ६० वॉटचे २० दिवे पाच तास लावले, तर ६ युनिट वीज लागते. त्यांच्या जागी ९ वॉटचे एलईडी दिवे लावले, तर एक युनिटही लागत नाही. एवढी वीज छपरावरचे सौर पॅनेल आणि बॅटरी सहज देऊ शकतात. अंघोळीच्या गरम पाण्यासाठी सौर बंब बसवता येतो. काम संपले की पॅनेल आणि बंब दुसऱ्या कामावर नेता येतात. पत्र्याला बाहेरून चुना दिला, तर ऊन परावर्तित होते व खोली कमी तापते.

चुलीचा धूर तर आधी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या आणि तिच्याजवळ बसलेल्या मुलाच्या छातीत जातो. बाहेरगावच्या मजुराजवळ पत्त्याचा पुरावा नसतो, म्हणून त्याला गॅसजोडणी मिळणे कठीण जात असे. ऑगस्ट २०२१ मध्ये उज्ज्वला योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात स्थलांतरित कुटुंबांना पुराव्याऐवजी स्वतःचे घोषणापत्र देण्याची सवलत ठेवण्यात आली.

मित्रांनो, जो दुसऱ्यांसाठी पक्के घर बांधतो, तो स्वतः पत्र्याखाली राहतो. त्याच्या खोलीत उजेड हवा, पण धूर नको. तुमच्या गावात बांधकाम चालू असेल, तर इमारतीबरोबर शेजारची वस्तीही पाहा.

शब्दार्थ
तबकडी – मोठ्या ताटासारखा भाग
जनित्र – वीज तयार करणारे यंत्र
तरतूद – आधीच केलेली व्यवस्था
परावर्तित होणे – आदळून परत फिरणे
स्थलांतरित – गाव सोडून दुसरीकडे गेलेला

स्वाध्याय
१. १९९६ च्या कायद्याने मालकावर कोणती जबाबदारी टाकली?
२. कारण लिहा : एक लिटर डिझेलपासून त्याच्या वजनापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो.
३. ‘सोय तीच ठेवायची, रीत बदलायची’ हे दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
४. हवा, हक्क, इमारत हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.